एम३ स्टुअर्ट रणगाड्यावरचा विश्वकोशातला लेख तपासायला मिळालाय, सुरुवात कुठून करू?

इंजिनापासून करा. एम३ मध्ये बहुतेक कॉन्टिनेन्टलचं सात सिलिंडरचं रेडियल (म्हणजे सिलिंडर गोलाकार मांडलेलं) इंजिन, मुळात विमानासाठीचं. एम५ मध्ये, म्हणजे स्टुअर्टच्याच नंतरच्या रूपात, मात्र कॅडिलॅकची दोन व्ही-८ इंजिनं आणि ऑटोमॅटिक गिअर. दोघांचे आकडे एकाच तक्त्यात कालवलेले दिसले तर तक्ता सरळ परत पाठवा. मग तोफ बघा. स्टुअर्टची ३७ मिमी. एम३ च्या वर्णनात ७५ मिमी आली, तर एम३ ली हा मध्यम रणगाडा त्यात घुसलाय. क्रमांक एकच, त्यामुळे ही गल्लत सहज होते. 'स्टुअर्ट' हे नाव ब्रिटिशांनी दिलं, तेही नीट आलंय का पाहा.

आणि लेख १९४५ ला संपत असेल तर मी तो अपुराच म्हणेन. १ नोव्हेंबर १९४८ ला, सुमारे ११,५०० फुटांवरच्या झोजिला खिंडीत आपल्या ७ लाइट कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे स्टुअर्ट चढले. सुगावा लागू नये म्हणून त्यांचे टरेट (तोफेचे फिरते बुरूज) उतरवून ते वर नेले होते. इतक्या उंचीवर रणगाडे येतील, हे समोरच्या पाकिस्तानी बाजूच्या ध्यानीमनीही नव्हतं. लडाखचा रस्ता त्या लढाईने मोकळा झाला. एवढ्या प्रसंगाला एक अख्खा परिच्छेद मागून घ्याच.