नदी नसताना शनीच्या टेथिस चंद्रावर एवढी मोठी दरी कशी पडली?

आमच्या इंदूरकडच्या माणसाला दरी म्हटलं की पाताळपाणीच आठवतं, म्हणजे पाण्यानं कोरलेली. टेथिसवरची इथाका कॅज्मा ही दरी कोरलेली नाही, तडकलेली आहे.

हा चंद्र जवळजवळ सगळा बर्फाचाच, व्यास जेमतेम १,०६० किलोमीटर. दरी मात्र २,००० किलोमीटरहून लांब, ३ ते ५ किलोमीटर खोल आणि रुंदीला सुमारे १००. इंदूरहून निघून उज्जैन ओलांडलंत तरी पलीकडचा काठ यायचा नाही! व्हॉयेजर १ यानानं ती १९८० मध्ये दाखवली.

कारण? परवा आमच्या चिरंजीवांनी काचेची भरलेली बाटली फ्रीजरमध्ये ठेवली. सकाळी उभा तडा, आणि फटीतून बर्फ बाहेर डोकावतोय. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. टेथिसचं वरचं कवच आधी गोठलं, मग आतलं पाणी गोठून फुगलं आणि कवच फाटलं, असा एक अंदाज.

दुसरा अंदाज असा, की ओडिसियस हे अवाढव्य विवर पाडणाऱ्या धडकेनं चंद्र तडकला. पण कॅसिनी यानाच्या फोटोंतली विवरं मोजली (जितकी जास्त, तितका भाग जुना), तर दरी ओडिसियसहून जुनी दिसते. त्यामुळे माझं मत बाटलीलाच.