कोरगुटाचा नमुना कंपनीला द्यावा का?

प्रश्न (पेडणे तालुका): आमच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतात) पिढ्यान्‌पिढ्या कोरगूट हे खारं पाणी सोसणारं भात होतं. एका बियाणे कंपनीचा माणूस दोन किलो बी मागतोय. द्यावं का? या भाताचं पेटंट आम्हाला घेता येईल का?

उत्तर: पेटंट नाही. आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3 हे बियाणं, वाण आणि पारंपरिक ज्ञान वगळतं. त्यामुळे ते कंपनीलाही मिळणार नाही. तुमचा कायदा वेगळा: पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001. त्यात 'शेतकरी वाण' म्हणून नोंदणी होते, शेतकऱ्याला शुल्क नाही, भातासाठी संरक्षण 15 वर्षांचं.

जुन्या वाणांच्या अर्जाला पिकानुसार मुदत असते, म्हणून भातासाठी ती खुली आहे का हे आधी कृषी कार्यालयात विचारा. अर्ज एकट्याच्या नावाने करू नका. वाण गावाचं आहे. एकाचंच नाव लागलं की पुढे भांडण ठरलेलं. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची शिफारस जोडा.

अर्ज अडतो तो बहुधा भेसळीपायी. खाजनात शेजारचं बी वाहून येतं, मळणीतही मिसळतं. फुलोऱ्यात शेतात फिरून वेगळ्या उंचीची, कुसळांत किंवा दाण्याच्या रंगात फरक असलेली रोपं उपटा. बियाण्यासाठी लोंब्या हाताने निवडा, वेगळ्या झोडा. चाचणीला पाठवायच्या बियाला औषध लावू नका. उंची, फुलोऱ्याचे दिवस, खारं पाणी किती दिवस सोसतं, हे तारखेसह लिहा.

आता नमुना. कागदाशिवाय मूठभरही देऊ नका. दोन किलोंतून एका हंगामात अर्धा क्विंटल सहज होतं. कंपनीने त्यातून वाण काढलं, तर मूळ बी कुठून आणलं हे तिला अर्जात सांगावं लागतं आणि तुम्ही लाभाचा वाटा मागू शकता. पण पुरावा तुमच्या हातात हवा. याच समितीकडच्या लोकजैवविविधता नोंदवहीत कोरगुटाची नोंद आहे का ते आजच पाहा. नसेल तर लावणीचा काळ, मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) पाणी सोडण्याची रीत, सगळं त्यात उतरवून घ्या. मागणी लेखी घ्या, ती समितीपुढे ठेवा.

भौगोलिक मानांकनाने बी सुरक्षित होत नाही. फेणीला 2009 मध्ये, मानकुराद आंब्याला 2023 मध्ये मिळालं. त्याने नावाचा गैरवापर रोखता येतो, एवढंच.

आणि बी राखणं, पेरणं, शेजाऱ्याला देणं, ब्रँडचं लेबल न लावता विकणं, हा हक्क 2001 च्या कायद्याच्या कलम 39 ने तुम्हाला दिलाच आहे. नोंदणी कुणाचीही असो.