‘अ बग्ज लाइफ’ खरंच पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा सगळ्यात फिका चित्रपट आहे का? सात वर्षांच्या मुलीला दाखवावा का?

दाखवा, नक्की दाखवा. फक्त तुम्हीही शेजारी बसा, कारण दोन-तीन जागी तिला कुणीतरी जवळ हवं असेल. त्या जागा शेवटी सांगतो. आधी तुम्ही वाचलेल्या मतांबद्दल लिहितो: पिक्सारचा सगळ्यात फिका, त्याच वर्षीचा मुंग्यांवरचाच दुसरा चित्रपट ‘अँट्झ’ हा याच्यापेक्षा सरस, गोष्ट जुनीच, आणि मुंग्यांना पाय चारच. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी मुलांसाठी अधूनमधून चित्रपट लावतो. पालकांच्या तोंडून हीच मतं मलाही ऐकू येतात, आणि या चित्रपटावर माझा फार जीव असल्यामुळे मी दर वेळी वाद घालतो.

‘फिका’ म्हणणाऱ्यांचं कारण मला समजतं. हा पिक्सारचा दुसरा मोठा चित्रपट, नोव्हेंबर १९९८चा. त्याच्या आधी १९९५चा ‘टॉय स्टोरी’ आणि नंतर १९९९चा ‘टॉय स्टोरी २’. दोन्हींकडे बघताना गळा दाटून येतो, आणि या मुंग्यांच्या गोष्टीत तसं रडू येत नाही. मग लोक त्याला बाजूला सारतात. पण या चित्रपटाची ताकद एका पात्राच्या दुःखात शोधायचीच नाही. इथे नायक आहे ती गर्दी.

मुंगी आणि नाकतोड्याची इसापची गोष्ट आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे. मुंगी उन्हाळाभर राबते, नाकतोडा गात बसतो आणि मग हात पसरत दारात येतो. पिक्सारचे कथालेखक जो रॅन्फ्ट आणि अँड्र्यू स्टँटन यांना पडलेला प्रश्न असा: नाकतोडा मुंगीपेक्षा एवढा मोठा, मग तो मागेल कशाला? हिसकावूनच घेईल की. तिथून ही गोष्ट निघाली. चित्रपटातले नाकतोडे दर हंगामात येऊन धान्याची खंडणी नेतात. फ्लिक नावाच्या धडपड्या मुंगळ्याच्या यंत्रामुळे ती रास पाण्यात पडते, आणि हॉपर नावाचा म्होरक्या दुप्पट धान्य मागतो. झाडाचं शेवटचं पान गळेपर्यंत मुदत.

या चित्रपटातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रसंग मुंग्यांचा नाहीच, नाकतोड्यांचा आहे. टोळी मजेत आहे, खायला भरपूर आहे. दोघं-तिघं म्हणतात, आता कशाला परत जायचं मुंग्यांच्या त्या बेटावर? हॉपर चिडत नाही. तो एक दाणा उचलून एकाला मारतो आणि विचारतो, लागलं का? नाही. आणखी एक दाणा. लागलं? नाही. मग तो साठ्याचं तोंडच उघडतो आणि बोलणारे दाण्यांखाली गाडले जातात. तो सांगतो, एक मुंगी उलटून बोलली आणि आपण ते खपवून घेतलं, तर सगळ्या उभ्या राहतील. त्या आपल्यापेक्षा शंभरपट आहेत. म्हणजे त्याला धान्य नकोच आहे. मुंग्यांनी स्वतःची मोजदाद करू नये, एवढ्यासाठी तो परत जातोय. भीती कशी टिकवली जाते, हे लहान मुलाला कळेल इतक्या सोप्या रीतीने समजावणारा दुसरा प्रसंग मला मुलांच्या चित्रपटांत सापडलेला नाही.

आणि या प्रसंगाचं उत्तर शेवटी येतं. फ्लिक लढवय्ये शोधायला शहरात जातो आणि गैरसमजातून सर्कसवाल्या किड्यांना घेऊन येतो: सुरवंट, काडीकिडा, खंडोबाचा घोडा, कोळीण, शिंगवाला भुंगेरा. सगळे मिळून काड्या आणि पानांचा खोटा पक्षी बनवतात, कारण हॉपर पक्ष्यांना घाबरतो. साध्या पटकथेत या युक्तीनेच विजय झाला असता. इथे तो पक्षी जळून जातो. युक्ती उघडी पडते, फ्लिकला सगळ्यांदेखत मार बसतो. आणि मार खाऊन उठताना तो जे बोलतो त्याचा आशय इतकाच, की धान्य आम्ही पिकवतो, गरज तुम्हाला आमची आहे. मग मागची रांग पुढे सरकते. पहिल्याच दृश्यात वाटेत एक पान पडलं म्हणून गांगरलेली रांग आठवा, आणि ही बघा.

म्हणूनच ‘अँट्झ’शी तुलना मला जुळत नाही. तो ऑक्टोबर १९९८मध्ये, म्हणजे थोडाच आधी आला. कल्पना उचलल्याचा आरोप ‘अ बग्ज लाइफ’चे दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांनी केला, ‘अँट्झ’ काढणाऱ्या ड्रीमवर्क्स स्टुडिओच्या जेफ्री कॅट्झनबर्ग यांनी तो नाकारला. त्या भांडणामुळे लोक दोन्ही चित्रपट एका तराजूत घालतात. ‘अँट्झ’ चांगला आहे, पण तो मोठ्यांसाठी जास्त आहे. वाळवीबरोबरचं युद्ध त्यात बरंच अंगावर येतं. त्याची गोष्ट आहे कळपातून वेगळा विचार करणाऱ्या एकट्याची. इथे एकट्याची हुशारी अपुरी पडते आणि सगळ्यांनी उभं राहावं लागतं. सात वर्षांच्या मुलीला आधी हा दाखवा, ‘अँट्झ’ काही वर्षांनी.

‘गोष्ट जुनी’ हे खरं आहे. गावाला लुटारूंचा त्रास आणि बाहेरून आणलेले रक्षक, ही कुरोसावांच्या १९५४च्या ‘सेव्हन सामुराई’ची मांडणी. आपल्याकडे ‘शोले’ त्याच घराण्यातला. रामगढकडे धान्य मागायला आलेला कालिया आणि ही टोळी, नातं लगेच लक्षात येतं. पण ‘शोले’मध्ये लढतात ते जय, वीरू आणि ठाकूर. गाव बहुतेक वेळ बघत उभं असतं. मुंग्यांचं गाव स्वतः लढतं, आणि माझ्या लेखी हा फरक छोटा नाही.

पायांचं म्हणाल तर आक्षेप बरोबर आहे. मुंग्या गोंडस आणि माणसांसारख्या वाटाव्यात म्हणून त्यांना चारच हातपाय दिले, नाकतोड्यांना मात्र सहा. त्यामुळे ते जास्त भयंकर दिसतात. याहून मोठी चूक वेगळीच आहे: कामकरी मुंग्या सगळ्या माद्या असतात. बी वाहून नेणारा, यंत्रं बनवणारा फ्लिक खऱ्या वारुळात मुलगीच असता. हे तुमच्या मुलीला जरूर सांगा. आमच्याकडे मुलींना ही माहिती चित्रपटाइतकीच आवडते. पाण्याचं मात्र चित्रपटाने अचूक पकडलंय. त्या आकाराच्या जिवाला पाणी थेंबाच्या गोळ्यासारखंच भेटतं, आणि पावसाचा एकेक थेंब आदळतो.

किड्याच्या उंचीवरून जग कसं दिसतं हे कळावं म्हणून पिक्सारच्या लोकांनी चाकांवर एक चिमुकला कॅमेरा बसवून तो गवतातून फिरवला होता. वर बघावं तर ऊन पानांतून गाळून येतं, सगळं हिरवं-पिवळं उजळलेलं. चित्रपटभर तो उजेड आहे. आणि गर्दीची चारशेहून अधिक दृश्यं, त्या काळातल्या संगणकांवर! कुठेही थांबवून मागची एखादी मुंगी बघा, ती आपल्यापुरतं काहीतरी करत असते.

आता भीतीच्या जागा. थम्पर नावाचा साखळीने बांधलेला, पिसाळल्यासारखा नाकतोडा. हॉपर डॉट नावाच्या चिमुकल्या मुंगीला त्याच्यासमोर धरतो. मग खऱ्या पक्ष्याचा हल्ला. आणि हॉपरचा शेवट: पक्षीण त्याला पिल्लांच्या चोचींपुढे नेते. थेट काही दाखवलेलं नाही, पण काय होणार हे मुलांना बरोबर कळतं. माझी भाची तिथे कुशीत शिरली होती, आणि तरी बोटांच्या फटीतून बघत होती. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी थोडं थांबलेलं बरं.

बघताना रुंद पडद्याची आवृत्ती निवडा. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी पिक्सारने काही ठिकाणी पात्रांच्या जागा हलवून वेगळी आवृत्ती केली होती. तीही मेहनतीने केलेली आहे, पण गर्दी अंगावर यायला रुंदी हवी. आणि नामावली सुरू झाली की बंद करू नका. शूटिंगमध्ये नट चुकतात तशा या किड्यांच्या ‘चुका’ मुद्दाम तयार करून तिथे जोडल्या आहेत. मुलं त्यावर पोट धरून हसतात.