एमआरआय नॉर्मल, तरी कंबर दुखते. मेंदूत वेदनेचं केंद्र नेमकं असतं कुठे?

तुम्हाला दुचाकीवरून पडून आठ महिने झाले, एमआरआय स्वच्छ आलाय आणि घरचे म्हणतात ‘मनाचं आहे’. साफ चूक. एमआरआयमध्ये मणका दिसतो, चकती दिसते, दबलेली नस दिसते. वेदना दिसत नाही.

मेंदूत वेदनेचं असं एक केंद्र नाही. उंबरठ्याला अंगठा ठेचला की आधी लख्ख कळ येते. ती ए-डेल्टा नावाच्या मज्जातंतूंची, सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने येणारी. मागून येणारा ठणका सी तंतूंचा. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम 0.5 ते 2 मीटर. मज्जारज्जूतून संदेश थॅलॅमस या मेंदूतल्या जंक्शनला पोचले की वाटा फुटतात. कुठे दुखतंय आणि किती, हे मुख्यतः सोमॅटोसेन्सरी कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा स्पर्श-संवेदनांचा भाग, ठरवतो. ते किती नकोसं वाटतं, हे सिंग्युलेट कॉर्टेक्स आणि इन्सुला या मेंदूतल्याच दुसऱ्या भागांचं काम. 1997 साली संशोधक रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी लोकांना कडक गरम पाण्यात हात ठेवायला लावून संमोहनाने फक्त त्रासाची जाणीव कमी-जास्त केली. पाणी तेवढंच गरम, पण सिंग्युलेटमधली सक्रियता त्रासाबरोबर बदलली. सोमॅटोसेन्सरी कॉर्टेक्समध्ये तसा फरक पडला नाही.

उलट दिशेनेही वाट आहे. मेंदूच्या खोडातून खाली येणारे संदेश मज्जारज्जूतली वेदना दाबतात किंवा वाढवतात. झोप मोडली, भीती बसली की दाबणं कमी पडतं. हे महिनोन्‌महिने चाललं की साधं वाकणंही कळ होऊन वर पोचतं. जखम भरलेली असते, पण यंत्रणा हळवी झालेली असते.

यावर नुसती विश्रांती हा वाईट सल्ला आहे. दहा मिनिटं चालल्यावर दुखत असेल, तर सात-आठ मिनिटांनी सुरुवात करा आणि दर तीन-चार दिवसांनी एक मिनिट वाढवा. थांबायचं घड्याळ बघून, दुखण्यावरून नाही. बहुतेकांचं बिनसतं ते बऱ्या दिवशी: आज बरं वाटतंय म्हणून सिंहगड चढायचा आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे. त्यातून चढणं म्हणजे धोका, हे यंत्रणेत आणखी घट्ट बसतं.

अर्थात, तपासल्याशिवाय तुमचं हेच आहे असं म्हणता येणार नाही. पायातली ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं यातलं काहीही झालं तर वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. ताप किंवा विनाकारण वजन घटत असेल तरी डॉक्टरांना लवकर दाखवा.

आणि पुढच्या तपासणीला ‘मनाचं आहे’ म्हणणाऱ्यांनाही सोबत न्या. हे सगळं त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला हवं.