वाचकांचे प्रश्न : एन्क्रिप्टेड लॅपटॉप दुसऱ्याला देताना

प्रश्न : माझा जुना विंडोज लॅपटॉप घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीला बारावीच्या अभ्यासासाठी द्यायचा आहे. त्यात बँकेची विवरणपत्रे, आयकराची कागदपत्रे आणि घरातल्या सर्वांची आधार कार्डे आहेत. एसएसडी (चिपवर मजकूर साठवणाऱ्या) डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे मजकूर एन्क्रिप्ट करून किल्लीने कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू आहे. ठाणे स्थानकाजवळच्या एका दुकानदाराने ‘सात वेळा पुसून देतो’ असे सांगून दीड हजार रुपये मागितले. हे आवश्यक आहे का, की आधी बिटलॉकर बंद करून फॉरमॅट मारले तरी पुरे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दुकानदाराचे राहू द्या, पण बिटलॉकर मात्र मुळीच बंद करू नका. तो बंद केला की विंडोज डिस्कवरचा सगळा मजकूर उलगडून साध्या स्वरूपात पुन्हा लिहून काढते, म्हणजे जी कागदपत्रे आजवर किल्लीवाचून निरर्थक होती तीच पुसण्याच्या ऐन आधी उघडी पडतात. ‘सस्पेंड’ हा पर्यायही नको, कारण त्यात मजकूर कुलूपबंद राहिला तरी किल्ली डिस्कवरच उघडी ठेवली जाते.

एन्क्रिप्टेड डिस्कच्या बाबतीत मजकुरापेक्षा किल्ली नष्ट होणे महत्त्वाचे असते. मात्र हे तेव्हाच पुरते, जेव्हा डिस्कवर उघडा मजकूर कधी लिहिलाच गेलेला नसतो. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ ही आज्ञा इंग्रजीत दिली की सी ड्राइव्हपुढे ‘फुली एन्क्रिप्टेड’ किंवा ‘युज्ड स्पेस ओन्ली एन्क्रिप्टेड’ असे दिसते. दुसरे उत्तर आले आणि बिटलॉकर तुम्ही खरेदीनंतर काही काळाने सुरू केला असेल, तर त्याआधी डिलीट केलेल्या फायलींचे अवशेष मोकळ्या जागेत उघडे असू शकतात. एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे तिचे काम चालवणारी चिप, झीज सारखी वाटली जावी म्हणून नवे लेखन मेमरीच्या वेगळ्या पेशींत करतो आणि जुनी प्रत काही काळ तशीच राहते. त्यामुळे सात वेळा वरून लिहूनही त्या पेशींपर्यंत पोहोचण्याची खात्री नसते, डिस्क मात्र विनाकारण झिजते. अनेक वेळा पुसण्याची कल्पना चुंबकीय हार्ड डिस्कच्या काळातली आहे. पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये सुचवलेले ३५ फेरे प्रसिद्ध आहेत, पण तेही त्या काळच्या तंत्रासाठी होते.

म्हणून पुसण्याचे काम डिस्कलाच करू द्यावे. डेल, एचपी आणि लेनोव्होच्या अनेक व्यावसायिक मॉडेलांच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘डेटा वाइप’ असा पर्याय असतो. तो दिला की डिस्क आपल्या पेशी रिकाम्या करते किंवा आपल्या आतली किल्ली बदलते, आणि बहुधा काही मिनिटांतच काम उरकते. त्याआधी हव्या त्या फायलींची प्रत दुसरीकडे घेऊन ती उघडून पाहावी, चार्जर लावावा आणि बाहेरच्या सर्व डिस्क काढून ठेवाव्यात, नाहीतर प्रत घेतलेली डिस्कच पुसली जायची. तुमच्या बायोसमध्ये हा पर्याय नसेल, तर सेटिंग्जमधील रिकव्हरीत जाऊन ‘रिसेट धिस पीसी’ व ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे आणि ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये ‘क्लीन डेटा’ चालू करावा. यास कित्येक तास लागू शकतात. हा मार्ग बायोसइतका खात्रीचा नसला, तरी घरगुती वापराच्या आणि सुरुवातीपासून एन्क्रिप्टेड असलेल्या डिस्कसाठी मला तो पुरेसा वाटतो.

बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. बायोसमध्ये बदल केल्यावर लॅपटॉप ती मागू शकतो, म्हणून काम पूर्ण होईपर्यंत ती जवळ ठेवावी. नंतर खात्यातून तो लॅपटॉप काढून टाकावा. किल्लीचा छापील कागद लॅपटॉपच्या बॅगेच्या कप्प्यात राहिलेला नाही ना, हेही पाहावे. बॅगसुद्धा सोबत दिली जाते.

बायोसमधून पुसल्यावर विंडोज पुन्हा घालावे लागेल. त्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचे मोफत मीडिया क्रिएशन टूल पुरते, आणि मूळचे विंडोज लायसन्स मदरबोर्डशी जोडलेले असल्यास इंटरनेट मिळताच ते आपोआप सक्रिय होते. देश आणि भाषा विचारणारा पहिला पडदा आला की तिथेच लॅपटॉप बंद करून द्यावा. पुढचे खाते त्या मुलीने स्वतःच्या नावाने उघडावे.