क्लोन केलेली मशिनं आणि त्यांची ओळख : वाचकांची प्रश्नोत्तरे

वाळूजपासून नांदेडपर्यंतच्या वाचकांनी या वेळी एकाच दुखण्याबद्दल विचारलंय: क्लाउडवरचं मशीन सुरू होताना त्याने आपली ओळख कुठून घ्यायची? माझं मत आधीच सांगतो. ओळख इमेजमध्ये (ज्या तयार डिस्क-प्रतीवरून मशिनं काढतात तिच्यात) बांधून ठेवायची नाही. ती प्रत्येक मशीनला सुरू झाल्यावरच मिळाली पाहिजे.

प्रश्न : कंपनीच्या प्रायव्हेट क्लाउडवर उबंटूचं एक टेम्प्लेट करून त्याचे तीन क्लोन काढले. मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचे पत्ते) तिघांचे वेगळे आहेत, तरी आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून तिघांना एकच आयपी मिळतो. असं का? (वाळूज, छत्रपती संभाजीनगर)

कारण डीएचसीपी सर्व्हर तुमचा मॅक बघतच नाहीये. उबंटूच्या नव्या आवृत्त्यांत सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारी यंत्रणा) नेटवर्क सांभाळतं आणि सर्व्हरला मशीन-आयडीवरून काढलेली ओळख पाठवतं. मशीन-आयडी म्हणजे ‘ईटीसी’ डिरेक्टरीतल्या एका छोट्या फाइलमधली ३२ अक्षरी हेक्स ओळ. टेम्प्लेट पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा ती लिहिली गेली आणि क्लोनसोबत जशीच्या तशी गेली. सर्व्हरच्या लेखी तुमची तिन्ही मशिनं एकच आहेत.

टेम्प्लेट बंद करण्याआधी ती फाइल रिकामी करा. डिलीट करू नका, शून्य बाइटची ठेवा. पुढच्या बूटला सिस्टमडी नवी ओळ तयार करतं. एक बारीक जागा लोक हमखास विसरतात. डी-बसची (प्रोग्रॅमांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या सेवेची) स्वतःची मशीन-आयडी फाइल ‘व्हार/लिब/डीबस’मध्ये असते. ती मुख्य फाइलकडे बोट दाखवणारी नुसती सिमलिंक असेल तर प्रश्न नाही. पण वेगळी खरी फाइल असेल तर सिस्टमडी तिच्यातूनच जुना आयडी परत उचलतं आणि तुमची मेहनत वाया जाते. म्हणून तीही काढा. क्लाउड-इनिट (क्लाउडवरच्या मशीनची बूटवेळची मांडणी करणारं साधन) असेल तर त्याच्या ‘क्लीन’ कमांडला मशीन-आयडीचा पर्याय द्या, म्हणजे मुख्य फाइलचं काम होतं.

याच टेम्प्लेटमधून एसएसएचच्या होस्ट की (दुरून लॉगिन करताना मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) कॉपी झाल्यात का, तेही आजच तपासा. आयपीचा घोळ निदान दिसतो, हा दिसत नाही: एका मशीनची खाजगी की फुटली की तिन्ही उघडी पडतात.

प्रश्न : प्रत्येक मशीनने सुरू होताना एक रँडम यूयूआयडी (एकमेव ठरावा असा लांब ओळख क्रमांक) काढला तर पुरे नाही का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नांदेड)

टक्कर होण्याची भीती सोडा. यूयूआयडीच्या चौथ्या प्रकारात १२२ बिट रँडम असतात. अडचण वेगळीच आहे. दर बूटला नवा काढला तर रीबूटनंतर तेच मशीन परकं होतं. डिस्कवर लिहून ठेवला तर डिस्कची इमेज काढताच तो क्लोनमध्ये जातो.

उपाय असा: यूयूआयडीशेजारी क्लाउडने प्रत्येक मशीनला दिलेला इन्स्टन्स-आयडीही लिहून ठेवा आणि बूटला दोन्ही ताडून बघा. इन्स्टन्स-आयडी तोच असेल तर जुना यूयूआयडी चालू ठेवा, बदलला असेल तर नवा काढा. क्लाउड-इनिटही ‘हे मशीन नवं की जुनं’ असंच ठरवतं.

आणि मेमरीसकट स्नॅपशॉट घेऊन एकाची दोन मशिनं उठवली, तर रँडम जनरेटरची अवस्थाही कॉपी होते. लिनक्स ५.१८ पासून कर्नल हायपरव्हायझरची (आभासी मशिनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) ‘जनरेशन आयडी’ बघून जनरेटरला नवं बीज देतं. हायपरव्हायझर ती पुरवतो का, तेवढं पाहून घ्या.

प्रश्न : मोंढ्यावरच्या आडत दुकानांसाठी आमचं वजनपावतीचं सॉफ्टवेअर एडब्ल्यूएसवर (अॅमेझॉनच्या क्लाउडवर) चालतं. पावतीचा आयडी स्नोफ्लेक पद्धतीने काढतो आणि मशीन क्रमांक म्हणून आयपीचा शेवटचा आकडा घेतो. वर्षभर सुरळीत असतं, पण दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढली की डुप्लिकेट आयडीच्या एरर येतात. (लातूर)

या आयडीच्या पोटात काय असतं ते आधी पाहू. ट्विटरने २०१० साली मांडलेल्या या रचनेत ४१ बिट वेळेला, १० बिट मशीनला आणि १२ बिट त्या मिलिसेकंदातल्या अनुक्रमाला असतात. अनुक्रम प्रत्येक मिलिसेकंदाला शून्यापासून सुरू होतो. म्हणजे दोन मशिनांचा क्रमांक एकच असेल आणि दोघांनी एकाच मिलिसेकंदात पावती फाडली, तर आयडी तंतोतंत सारखा येणार. गर्दी नसताना असा योग क्वचित येतो, म्हणून चूक वर्षभर लपून राहते.

आता तुमचा आयपी. लोड वाढला की ऑटो स्केलिंग (आपोआप मशिनं वाढवणारी सेवा) वेगवेगळ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या तुकड्यांत) मशिनं टाकतं. १०.०.१.३७ आणि १०.०.२.३७ ही दोन वेगळी मशिनं आहेत, पण तुमच्या हिशेबी दोघांचाही क्रमांक ३७.

या आठवड्यातच निभवायचं असेल, आणि सगळे सबनेट एकाच /२२ पट्ट्यात बसत असतील, तर शेवटच्या आकड्याऐवजी आयपीचे शेवटचे १० बिट घ्या. /२२ मध्ये बरोबर १०२४ पत्ते असतात, त्यामुळे एका वेळी दोघांना एक क्रमांक मिळणार नाही.

पक्का मार्ग मात्र भाडेपट्टीचा, म्हणजे क्रमांक ठरावीक मुदतीपुरता देण्याचा. डेटाबेसमध्ये ० ते १०२३ अशा ओळींचं टेबल ठेवा. मशीन सुरू झालं की सशर्त लेखन करेल: ‘ही ओळ मोकळी असेल किंवा तिची मुदत संपली असेल, तरच माझा इन्स्टन्स-आयडी इथे लिही.’ मुदत ६० सेकंद ठेवली तर दर १५ सेकंदांनी ती वाढवून घ्या. ४५ सेकंद होऊनही ती वाढली नाही, तर मशीनने आयडी देणं स्वतःहून थांबवायचं. सगळी सुरक्षितता या थांबण्यावर उभी आहे. नेटवर्क तुटलेलं मशीन आपला क्रमांक दुसऱ्याला गेला तरी पावत्या फाडत राहिलं, तर टेबल असून नसल्यासारखंच. हे सेकंद मोजायला घड्याळाची वेळ वापरू नका, ती मागे-पुढे होऊ शकते. फक्त पुढेच जाणारं मोनोटॉनिक क्लॉक वापरा.

क्रमांक मिळेपर्यंत हेल्थ चेक नापासच राहू द्या, म्हणजे मशिनांत काम वाटणारा लोड बॅलन्सर त्या मशीनकडे शेतकऱ्याची पावती पाठवणारच नाही. मोकळा झालेला क्रमांकही लगेच वापरू नका. नव्या मशीनचं घड्याळ किंचित मागे असेल तर जुन्या मशीनने दिलेले आयडी परत निघतील.

एक आणखी. हा ६४ बिटांचा आकडा ब्राउझरला स्ट्रिंग म्हणूनच पाठवा. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांकाची खात्री नाही. शेवटचे अंक बदलतात आणि वेगळ्या पावत्या पडद्यावर सारख्या दिसू शकतात.

प्रश्न : मशिनांना ‘बीड-वेब-१’ अशी नावं दिली तर ओळख म्हणून चालतील? (बीड)

माणसांना वाचायला जरूर द्या. पण एडब्ल्यूएसवर ‘नेम’ टॅग दोन मशिनांना एकच असला तरी कुणी अडवत नाही. प्रोग्रॅमने त्यावर विसंबू नये.

प्रश्न : आमची यूजर-डेटा स्क्रिप्ट (मशीन बनवताना क्लाउडला दिलेली) एडब्ल्यूएसच्या मेटाडेटा सेवेच्या १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावरून इन्स्टन्स-आयडी घेऊन ‘रन’ डिरेक्टरीत लिहिते. रीबूटनंतर ती फाइल गायब होते. आणि डॉकर कंटेनरमधून तर तो पत्ता उत्तरच देत नाही. (परभणी)

‘रन’ डिरेक्टरी मेमरीत असते, रीबूटला पुसली जाते. यूजर-डेटा स्क्रिप्ट एका इन्स्टन्ससाठी सहसा एकदाच, पहिल्या बूटला चालते. या दोन्हींचा मेळ बसत नाही. स्क्रिप्ट क्लाउड-इनिटच्या ‘पर-बूट’ फोल्डरमध्ये टाका. त्याहून सोपं म्हणजे क्लाउड-इनिट दर बूटला ‘रन/क्लाउड-इनिट’मध्ये इन्स्टन्स-डेटाची जेसन फाइल ठेवतं, आयडी तिथून वाचा.

कंटेनरचं कारण बहुधा हॉप लिमिट (उत्तराला किती नेटवर्क टप्पे ओलांडता येतात ती मर्यादा) असावं. मेटाडेटा सेवेच्या दुसऱ्या आवृत्तीत आधी पुट विनंतीने टोकन घ्यावं लागतं. हॉप लिमिट १ असेल तर टोकनचं उत्तर डॉकरच्या ब्रिजपाशीच अडतं. ती २ केली की काम होतं, पण मग त्या मशीनवरच्या प्रत्येक कंटेनरला मशीनच्या आयएएम रोलची (एडब्ल्यूएसमधल्या परवानग्यांची) क्रेडेन्शियल्सही मागता येतात. तुम्हाला फक्त आयडी हवा असेल तर लिमिट १ च ठेवा आणि आयडी कंटेनरला सुरू करताना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या.