आधी गाडीचं दार उघडा, मग टायरच्या दुकानात जा

गाडी आणि टायर निवडण्याबद्दल येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, आणि त्यातल्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर गाडीवरच छापलेलं असतं. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. काही गाड्यांत तो इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. टायरचा साइझ आणि हवेचा दाब त्यावर लिहिलेला असतो, एकट्यादुकट्याने चालवण्यासाठी वेगळा आणि माणसं-सामान भरून नेण्यासाठी वेगळा. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि मग पुढची उत्तरं वाचा.

प्रश्न : ऑल सीझन टायर म्हणजे बाराही महिने सगळ्यात चांगला टायर, असं दुकानदार सांगतो. खरं आहे का?

नाही. बाराही महिने चालेल असा टायर म्हणजे ऑल सीझन. प्रत्येक मोसमात सगळ्यात चांगला असा टायर कोणीच बनवत नाही. साध्या टायरचं रबर उन्हाळ्यासाठी जुळवलेलं असतं. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ते कडक होत जातं आणि पकड कमी होते. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. पण हेच मऊ, चिरा पाडलेले ठोकळे तापलेल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की वाकतात. मग गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि टायरही लवकर झिजतो. ऑल सीझन टायर या दोघांच्या मधला आहे.

म्हणून आधी तुम्ही कुठे चालवता ते पाहा. पारा ७ अंशांच्या खाली क्वचितच जात असेल आणि बर्फ पडतच नसेल, तर चांगला साधा टायर घ्या. महिनोन्‌महिने बर्फ साचत असेल तर विंटर टायरचा वेगळा संच हवा. थंडी आहे, अधूनमधून बर्फ पडतो, पण बरंचसं वर्ष ओल्या-कोरड्या डांबरावरच जातं, अशांसाठी ऑल सीझन योग्य.

तो घेतानाही खूण तपासा. टायरच्या बाजूवर नुसतं ‘एम प्लस एस’ (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) असेल, तर ती अक्षरं कंपनी स्वतःच नक्षीच्या स्वरूपावरून छापते. त्यासाठी बर्फावर कसोटी द्यावी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरच्या पकडीची ठरलेली कसोटी पार झालेला असतो. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून हे चिन्ह असलेलेच टायर धरले जातात. ‘एम प्लस एस आहे, म्हणजे बर्फात बिनधास्त चालवा’ असं सांगून टायर गळ्यात मारणाऱ्याकडून घेऊ नका. आणि चांदणीचं चिन्ह असलं तरी ती कसोटी दाबलेल्या बर्फावरची असते. काचेसारख्या गोठलेल्या थरावर हा टायरही घसरतो.

प्रश्न : टायरवर कमाल ५१ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) लिहिलंय आणि स्टिकरवर ३३. कुठला आकडा खरा?

स्टिकरवरचा. टायरवरचा आकडा म्हणजे त्या टायरची सहनशक्ती. तुमच्या गाडीला किती हवा हवी हे टायरला माहीत नसतं, कारण तोच टायर दहा वेगवेगळ्या गाड्यांना बसतो.

दाब थंड टायरचा मोजायचा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. चालवून आल्यावर तोच टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. तेव्हा ‘हवा जास्त झाली’ म्हणून काढली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो. बाहेरचं तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने उतरतो, त्यामुळे थंडी सुरू होताना मोजायला विसरू नका. महिन्यातून एकदा मोजा, त्यात स्टेपनीही आली. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो दाब २० ते २५ टक्के उतरल्यावरच लागतो, आणि तोवर टायरच्या दोन्ही कडा घासायला लागलेल्या असतात.

प्रश्न : नायट्रोजन भरावा का?

फुकट मिळत असेल तर भरा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि नायट्रोजन भरला तरी दर महिन्याची तपासणी चुकत नाही.

प्रश्न : माझी गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. पुढचे दोन टायर गुळगुळीत झालेत. सध्या पुढे दोन ऑल सीझन टाकतो, मागचे पुढच्या वर्षी बघू. दुकानदारही म्हणाला, इंजिन पुढे, ब्रेकचा भार पुढे, म्हणून नवे पुढेच. बरोबर ना?

बरोबर नाही. आणि या एका ऐकीव गोष्टीमुळे ओल्या रस्त्यावर गाड्या गरगर फिरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पुढच्या चाकांची पकड सुटली तर काय होतं? स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाते. हे वाईटच, पण ते हाताला जाणवतं, आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की वजन पुढे येऊन पकड बहुतेक परत मिळते. मागच्या चाकांची पकड सुटली की गाडीची शेपटी बाहेर जाते. तेव्हा घाबरून पाय काढला किंवा ब्रेक दाबला, तर वजन आणखी पुढे जातं, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. सावरायला सेकंदभराचाही वेळ नसतो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले की हीच परिस्थिती आपण हाताने तयार करतो. स्टिअरिंग घट्ट वाटतं, पुढचा भाग वळणात नीट शिरतो, भरवसा वाटतो, आणि मागे काय चाललंय ते समजतच नाही.

पाण्याचा हिशेब करून पाहा. १८० मिलिमीटर रुंदीचा टायर ३ मिलिमीटर पाण्यातून ताशी ८० किलोमीटर वेगाने गेला, तर त्याच्या वाटेत सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी येतं. ते नक्षीच्या खाचांतून आणि बाजूंनी निघून गेलं पाहिजे. खाचा उरल्या नसतील तर टायर पाण्यावर तरंगतो. हे मागे झालं, तर शेपटी सरकते.

‘गाडीत ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करते. त्या चाकाला रस्ताच लागत नसेल, तर ती काय करणार?

म्हणून दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावा आणि मागचे बरे टायर पुढे आणा. पण ते साधे टायर असतील आणि नवे ऑल सीझन, तर असं दोन-दोन करूच नका. थंडीत किंवा बर्फात पुढची-मागची यांपैकी एक जोडी पकडते आणि दुसरी सुटते. ऑल सीझन घ्यायचे असतील तर चारही घ्या. आत्ता चारांचा खर्च झेपत नसेल, तर आहेत त्याच प्रकारचे दोन घ्या आणि ते मागे बसवा.

दुकानात जाण्याआधी खोली स्वतः मोजा. नक्षीची खोली मोजायचा छोटा गेज मिळतो. त्याची दांडी खाचेत टेकवून आकडा वाचायचा. प्रत्येक टायरला आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत मोजायचं, असे चार टायरचे बारा आकडे कागदावर लिहा. नव्या टायरची खोली साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. खाचेच्या तळाशी रबराचे आडवे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरवर नक्षीच्या बरोबरीला येतात. तिथे टायर संपलाच. पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी, ३ मिलिमीटरपासूनच ढासळते, तेव्हा बदलायचा विचार तिथेच सुरू करा. मध्ये कमी आणि कडांना जास्त असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडांना कमी असेल तर हवा कमी होती. एकाच कडेला कमी असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडली आहे, आणि ती दुरुस्त न करता नवे टायर टाकले तर तेही त्याच कडेने जातील.

पुढचे टायर लवकर झिजतात हे दुकानदाराचं म्हणणं मात्र खरं आहे. त्यावरचा उपाय म्हणजे दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे-मागचे अदलाबदल करणं. मग चारही एकदम संपतात आणि हा प्रश्नच उरत नाही. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर त्याच बाजूला पुढचा मागे करा. तुमचा बारा आकड्यांचा कागद घेऊन अलाइनमेंटवाल्याला दाखवा आणि त्याच्या मशीनचा रिपोर्टही मागून घ्या.

प्रश्न : फोर व्हील ड्राइव्ह घेतली तर साधे टायर चालतील का?

गाडी जागेवरून पुढे काढायला चारही चाकं मदत करतात, पण थांबवायला फक्त टायर असतात. उलट अशा गाडीत चारही टायर सारखे हवेत. झिजेत जास्त फरक असेल तर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. किती फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये पाहा, नसेल तर सर्व्हिस सेंटरला विचारा.

प्रश्न : एकाच गाडीच्या बेस मॉडेलला १५ इंची चाकं आहेत, टॉप मॉडेलला १७ इंची. रोज ऑफिसला जायला कुठलं घेऊ?

रस्ते खड्ड्यांचे असतील तर १५ इंची. समजा बेसला १८५/६५ आर १५ आणि टॉपला २०५/४५ आर १७ टायर आहेत. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची. म्हणजे पहिल्या टायरची बाजूची भिंत १२० मिलिमीटर उंच आहे आणि दुसऱ्याची ९२. खड्ड्यात चाक आदळलं की हा २८ मिलिमीटरचा रबर-हवेचा गादीसारखा भागच रिम वाचवतो. १७ इंची चाकावर वळणात गाडी चोख वाटते, पण रिम वाकणं आणि टायरला फुगा येणं वाढतं, आणि पुढे टायर बदलायचा खर्चही जास्त. टॉप मॉडेलमधल्या सुविधा हव्याच असतील, तर लहान रिम त्या गाडीला कंपनीने मान्य केल्या आहेत का ते आधी विचारा. मोठे ब्रेक असतील तर लहान रिम बसतही नाही.

बेस मॉडेल घेऊन बाहेरून मोठ्या रिम टाकणार असाल, तर वजनाचा आकडा पाहा. साइझनंतरचा ८८ म्हणजे टायर ५६० किलो उचलतो, ८४ म्हणजे ५०० किलो. २०५/४५ आर १७ दोन्ही आकड्यांत मिळतो, आणि दुकानात जो शिल्लक आहे तो दिला जातो. स्टिकरवर ८८ असेल तर ८४ चालणार नाही, एवढं ठणकावून सांगा. ईएससी मात्र बेस मॉडेलमध्येही आहे ना, ते बुकिंगआधी लेखी घ्या.

प्रश्न : घर ते ऑफिस ६ किलोमीटर. डिझेल गाडी घ्यावी का?

नको. आताच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती जाळायला धूर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवावा लागतो, आणि ६ किलोमीटरमध्ये ते काम अर्धवट राहतं. फिल्टर तुंबतो. त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वाढते. पेट्रोल, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक पाहा.

प्रश्न : टायर आठ वर्षांचे, पण नक्षी भरपूर आहे. चालतील ना?

नक्षीवरून वय कळत नाही. टायरच्या बाजूवर ‘डॉट’पासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३वा आठवडा. बाहेरच्या बाजूला ते नसतील तर आतल्या बाजूला टॉर्च मारून पाहा, पूर्ण ओळ पुष्कळदा एकाच बाजूला असते. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर उतरवून आतून-बाहेरून तपासून घ्यावेत आणि दहाव्या वर्षी नक्षी कितीही असो, काढून टाकावेत. आठव्या वर्षी खाचांच्या तळाशी किंवा बाजूला बारीक भेगा दिसत असतील, तर दोन वर्षं थांबू नका. सेकंडहँड गाडी पाहायला जाल तेव्हा स्टेपनीचेही हे चार आकडे वाचा.

प्रश्न : बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय. पुढच्या महिन्यात बदलला तर?

आज स्टेपनी लावा. आतले धागे तुटलेत, तो केव्हाही फुटेल, आणि त्याची दुरुस्ती होत नाही.

प्रश्न : बाहेरून दोरी घालून पंक्चर काढलं. पुरेसं आहे का?

दुकानापर्यंत जायला पुरेसं आहे. पक्कं काम म्हणजे टायर रिमवरून उतरवून आतून छत्रीसारखा पॅच लावणं: दांडी भोकात आणि टोपी आतल्या थरावर चिकटवलेली. तेही फक्त मधल्या नक्षीत आणि भोक ६ मिलिमीटरपर्यंत असेल तरच. खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि बाजू जिथे मिळतात तिथे, किंवा बाजूला पंक्चर असेल तर टायर गेला. उतरवल्यावर आत हात फिरवा. काळी भुकटी हाताला लागली, तर टायर हवेविना चालवला गेलाय आणि आतून चिरडलाय. पॅच लावून तो वाचत नाही. पंक्चरवाला ‘चालेल की’ म्हणाला तरी टायर कंपनीच्या सेंटरला दाखवा.

प्रश्न : चारही टायर नवे टाकले आणि ताशी ९० ला स्टिअरिंग थरथरतं.

ठरावीक वेगालाच थरथरत असेल तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग चुकलंय किंवा त्यासाठी रिमला लावलेलं छोटं वजन गळून पडलंय. ज्याने टायर बसवले त्याच्याकडूनच परत करून घ्या. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर टायरचा दोष नाही, ब्रेकची डिस्क तपासा. कमी वेगातही गाडी डुचमळत असेल तर वाकलेली रिम किंवा फुगा शोधा, आणि तो सापडेपर्यंत हायवेवर जाऊ नका. नट नुसते गनने ठोकून कसलेत का, हेही विचारा. ते समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत कसायचे असतात, आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासायचे असतात.